साडेसातची मोटर

माज्या मालकाचं नाव नाथाजी. नाव घ्यायला मी काय लाजत न्हाई. सत्तेचाळीस वर्सं त्या माणसाचं खाणं-पिणं, आजारपण, रुसवं-फुगवं काढल्यात, तेवढा हक्क माजा हायच. बावीस वर्सं फौजेत हुतं. हवालदार हुऊन पेन्शनवर घरी आलं, पण फौज काय अंगातनं गेली न्हाई. पाचाला उठायचं, दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आन मग गोठ्यात जायाचं. आता म्हशीला इस्त्री कळती व्हय? पण न्हाई. मनगटावर घड्याळ आन खिशात डायरी. पाऊस किती पडला, म्हस कवा गाभण गेली, कुदळ कुणी नेली, सगळं डायरीत. एकदा मी वैतागून म्हणलं, "आवं, मी आज कितीदा शिंकले त्येबी लिवा." तर वर बघून म्हणत्यात, "सर्दी झालीया? कवापासनं?" असलं माणूस.

वाईट न्हवतं हो. दारूला शिवलं न्हाई, माज्यावर हात उगारला न्हाई. पण एकदा का एक गोष्ट डोस्क्यात बसली की ब्रह्मदेव खाली आला तरी निघायची न्हाई.

आमची वस्ती उंब्रजच्या अलीकडं, हायवेपासनं दोन रानं खाली. चौदा घरं. वर रस्त्याला लागून डिझेल-पेट्रोलचा पंप हाय, सव्वीस वर्सांमागं झालेला. त्येच्या खाली एक उसाचं रान, आन मग आमची इहीर. मामंजींनी खणलेली. चौदा घरांचं प्यायचं पाणी तिचंच. इहीर दोघा भावांत समाईक, ह्येंची आन माज्या धाकल्या दिराची, दादासोची. आठ दिस आमची पाळी, आठ दिस त्येची. आमची मोटर तीन हॉर्सपॉवरची, म्हातारी झालेली. दादासोचं रान चढाला, तिथवर पाणी चढाय पायजे, म्हणून त्येनं साडेसातची बसवली हुती. ती सुरू झाली की इहिरीतलं पाणी खाली जाताना डोळ्यांनी दिसायचं.

मी नवरी हुऊन आले तवा दादासो आठ वर्सांचा. सासूबाई आदीच वारलेल्या. लग्नाला ईस दिस झालं आन नवरा गेला सरहद्दीवर. घरात सासरा आन ह्ये शेंबडं पोरगं. त्येला मी न्हाऊ घातलं, उवा काढल्या, शाळेत मारून-मुटकून घातलं. मी भाकरी टाकायची आन ह्यो चुलीपाशी बसून गरम गरम पापुद्रा ओढून खायाचा. पुढं त्येचं लग्न झालं, दीपमाला झाली, आन पोर चार वर्सांची असताना त्येची बायको गेली. मग दीपाच्या येण्याबी मीच घातल्या. आता तिला आटपाडीला दिलीया, सासरी डाळिंबाची बाग हाय. तर दादासोला दीर म्हणा न्हाईतर पोरगा म्हणा, मला दोनी सारखंच.

भांडण झालं घड्याळावरनं. सोमवारी सकाळी सहाला पाळी बदलायची. त्या दिशी दादासोच्या दोन सऱ्या भिजायच्या राहिल्या हुत्या. म्हणला, "आण्णा, धा मिंटं." ह्येनी घड्याळ बघितलं आन म्हणलं, "सहा म्हंजी सहा." आन फ्यूज काढून खिशात घातला! सख्ख्या भावाच्या मोटरीचा फ्यूज! मी गोठ्यातनं बघत हुते, मला लाज वाटली. दादासो फावडं आपटून म्हणला, "हवालदार, ह्या इहिरीचं पाणी एक दिस तुमाला कडू लागंल बघा!" पहिल्यांदा त्येनं आण्णा सोडून हवालदार म्हणलं. रागात माणूस काय बी बोलतंय. सांच्याला माज्याकडं येऊन चा पिऊन गेला, आन जाताना ह्येंच्या बॅटरीत नवं सेल घालून गेला. पण ह्येनी ते वाक्य काय सोडलं न्हाई. डायरीत लिवून ठिवलं, तारखेसकट.

आन म्हैन्याभरानं पाणी खरंच कडू झालं.

पहिल्यांदा मलाच कळलं. सकाळचा चा तोंडात घेतला आन तसाच थुकला. पातेलं हुंगलं, दूध हुंगलं, मग हंडा हुंगला. रॉकेलच्या डब्यागत वास. उनात हंडा नेऊन बघितला तर पाण्यावर निळे-जांभळे रंग फिरत हुते. ह्येनी नुसती चूळ भरून टाकली आन म्हणलं, "डिझेल हाय." फौजेत गाड्यांजवळच जन्म गेला, त्यांना वास कळणारच.

वस्तीवर गलका झाला. कुणी म्हणलं औषध पडलं, कुणी म्हणलं उंदीर मेला. पंचायतीच्या माणसानं पांढरी पावडर टाकली, तर वासाला वास लागून आणखीनच घाण झाली. चार दिसांनी आमची पाळी लागली आन वास गेला. सगळं म्हणलं, गेलं एकदाचं. पण दादासोची पाळी लागली, आन तिसऱ्या दिशी पुन्ना वास. आमची लागली, वास गेला. त्येची लागली, आला. ह्येनी रोज सकाळी पाचाला इहिरीवर जाऊन बादली काढायची, हुंगायची आन डायरीत लिवायचं. असं तीन पाळ्या चाललं. मग एक दिस डायरी माज्या म्होरं टाकली. "वाच. वासाच्या सगळ्या खुणा त्येच्याच पाळीत. इहिरीशेजारी शेडात डिझेलचं इंजन कुणाचं? त्येचं. कडू लागंल कोण म्हणलं? त्योच."

मी म्हणलं, "आवं, पोरगं हाय ते आपलं. प्यायच्या पाण्यात कोण तेल टाकंल?"

"खुणा खोटं बोलत न्हाईत," म्हणलं.

भाऊबंदकी आमच्या भागात काय नवी हाय? बांधावरनं कुऱ्हाडी निघाल्यात. त्यामुळं लोकांनाबी पटलं. हळूहळू दादासोला कुणी चा ईचारंना. मग ऐतवारी भैरोबाच्या देवळात माणसं बसली. दादासो न बोलवता आला, आंघोळ करून, वल्ल्या धोतरानं. पुजाऱ्याला म्हणला, बेलभंडारा द्या. बेलाचं पान आन भंडारा तळहातावर घेऊन, देवाकडं तोंड करून म्हणला, "मी इहिरीत थेंबभर जरी तेल टाकलं आसंल, तर माज्या दीपाचं वाटोळं हुईल." आमच्यात भंडारा उचलला की ईषय संपतो. पुढं बोलायचं नसतं. खून झाला तरी लोक गप बसत्यात. म्हातारी माणसं उठून त्येच्या पाठीवर हात ठेवाय लागली.

आन माजा नवरा काय म्हणला? आजबी सांगताना माज्या जिवाचं पाणी हुतंय. म्हणला, "भंडारा म्हंजी हळदच की. हळदीला काय कळतंय? माज्याजवळ तारखा हायत."

दादासोनं हात तसाच म्होरं धरला हुता. त्येनं माज्याकडं बघितलं. मी बायकांत, खांबाला टेकून उभी. मी पदर तोंडाला लावला आन खाली बघितलं. बस्स, एवढंच मी केलं. आठ वर्सांच्या पोराला मी पोटाशी धरलं हुतं, आन त्रेपन्न वर्सांच्या झालेल्या त्याच पोरासाठी माजं तोंड उघडलं न्हाई. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं म्हणं. आग लागो त्या शिकवणीला.

दुसऱ्या दिशी ह्येनी त्येच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं. दादासोनं काय भांडण केलं न्हाई. आठ दिसांनी पिशवी घेऊन आटपाडीला लेकीकडं गेला. जाताना माज्या दारात आला न्हाई. त्येचा ऊस पाण्यावाचून उभ्या उभ्या वाळला. रोज सकाळी मी शेणाची पाटी घेऊन त्याच बांधावरनं जायची, आन तो करकर वाजणारा ऊस बघून मला जेवण जायाचं न्हाई.

आन वास गेला! दादासो गेला आन वास गेला. दोन म्हैनं पाणी कसं नितळ. ह्येंची मान ताठ. "बघ," म्हणायचे, "गेला आन वास गेला." माज्याबी मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला सांगू.

मग ह्येनी ठरवलं, इहीर एकदा उपसून काढायची. आमच्यात पाणी बाटलं, जनावर पडलं, की इहीर कोरडी उपसत्यात. जुनं जातंय, नवं झरत येतंय. रीतच हाय ती. पण आमच्या तीनच्या मोटरीनं इहीर काय उपसंना. तवा ह्येनी दादासोच्या पेटीचं कुलूप काढलं आन त्येची साडेसातची चालू केली. दीड दिस चालवली. पाणी तळाला गेलं. आन दुसऱ्या दिशी दुपारी मोटरीच्या पाइपातनं जे पाणी सरीत पडलं, त्येचा असा वास सुटला की पोरं नाक धरून पळाली. आदीच्या दसपट. इहिरीच्या कपारीतनं, पंपाच्या अंगाला, काळपट तेल वघळत हुतं.

हितं तर दादासो न्हवता. तो आटपाडीला.

आता शाण्या माणसाला तवाच कळाया पायजे हुतं. पण ह्येनी दादासोचा पाइप खोलला! म्हणं त्यानं पाइपातच कायतरी भरून ठिवलं आसंल. सांधा न् सांधा खोलला, आत हात घातला, काय घावलं न्हाई. मग इहिरीच्या काठावर जे बसलं ते दिवं लागायच्या टायमालाबी उठलं न्हाई. मी जाऊन हाताला धरून आणलं. तवा पहिल्यांदा त्यांचा हात मला म्हाताऱ्याचा हात वाटला.

दुसऱ्या दिशीपासनं अर्ज सुरू केलं. उंब्रज, कऱ्हाड, सातारा. हवालदाराचं अर्ज काय, एका वळीवर दुसरी चढत न्हाई. कुणी म्हणायचं नमुना आणा, कुणी म्हणायचं साहेब रजेवर. साडेचार म्हैनं गेलं. मग एक दिस जीप आली आन तीतनं सांगलीच्या शरयू मॅडम उतरल्या. तिशीतली पोरगी, डोक्याला रुमाल, पायात बूट. जमिनीखालच्या पाण्याचा तपास करायचं तिचं काम. दोन माणसं, एक लांब गिरमिट आन बाटल्यांची पेटी. मी म्हणलं, आता ही शिकलेली बया ईचारणार, तुमचं कुणाशी वैर हाय का. सगळ्यांनी त्येच ईचारलं हुतं. तिनं ते ईचारलंच न्हाई. इहिरीत वाकून बघितलं आन म्हणली, "आजोबा, वास यायचा तेव्हा कुठली मोटर चालू असायची?"

ह्येनी डायरी दिली. तिनं खाटेवर बसून पानं उलटली आन पेन्शिलीनं खुणा करत गेली. अर्धा तास. मग म्हणली, "आजोबा, एवढी चांगली नोंद मी आजवर बघितली नाही." ह्येंची छाती फुगली. तेवढ्यात ती म्हणली, "वास माणसाच्या पाळीला येत नव्हता. मोठ्या मोटरीला येत होता."

मला काय कळंना. तिनं माज्याकडं बघून सांगितलं, "आजी, ताटात भातावर आमटी वाढली आणि मधोमध बोटानं खड्डा केला, तर आमटी कुठं जाईल?"

"खड्ड्यात."

"खड्डा मोठा केला तर?"

"लांबची बी येईल."

"झालं तर मग. लहान मोटर लहान खड्डा करते. मोठी मोटर पाणी एवढं खाली ओढते की लांबनं, त्या पंपाकडनं जमिनीतलं पाणी धावत येतं. त्याच्यावर तरंगणारं डिझेल घेऊन. मोटर बंद, की पाणी परत वर येतं, डिझेल मागं सरतं."

मी ह्येंच्याकडं बघितलं न्हाई. बघवलंच नसतं.

मग चार दिस त्यांनी आमच्या इहिरीपासनं पंपापतुर रेघेत भोकं पाडली. गिरमिट फिरवायचं, माती काढायची, हुंगायची, पिशवीत भरायची, पिशवीवर नंबर टाकायचा. ह्ये त्यांच्या मागनं फिरत हुतं. इहिरीजवळ वरची काळी माती साफ, खालच्या मुरमाला वास. तिसऱ्या भोकाला जादा. पंपाच्या भिंतीखाली सात फुटांवर जी माती आली ती करड्या चिखलागत, आन मुठीत दाबली की बोटांतनं तेल. ह्येनी ती मूठ तशीच धरून ठिवली. मॅडम म्हणली, "आजोबा, टाका, त्वचेला वाईट." तरी टाकंनात.

पंपाच्या मालकानं आदी आरडाओरडा केला, पण शेवटी जमीन उकरावीच लागली. डिझेलची टाकी वर काढली. सगळी शाबूत दिसत हुती, पण तळाला एक भोक, चिंचोक्याएवढं. रोज सकाळी टाकीत किती तेल हाय बघाय वरनं दांडी सोडत्यात. सव्वीस वर्सं ती दांडी एकाच जाग्यावर टेकत हुती. तितंच पत्रा झिजला. कुणी मुद्दाम केलं न्हाई. कुणाचं वैर न्हवतं, करणी न्हवती, भाऊबंदकी न्हवती.

मॅडमचा कागद आला. इहीर कित्येक वर्सं प्यायला बंद, उपसाबी बंद, कारण उपसलं की आणखी वढून येणार. म्हंजी आमच्या रीतीनं आमीच ते तेल घरात बोलवलं हुतं. आता पंपाच्या खर्चानं टँकर येतोय, दिसाआड. इहिरीवर जाळी टाकलीया.

ह्येनी त्यो कागद उंब्रजला जाऊन पलास्टिकात बसवून आणला. इस्त्रीचा शर्ट घातला, आन मला म्हणलं, "चल आटपाडीला." कऱ्हाडास्नं ईटा, ईट्यास्नं आटपाडी. येष्टीत सारा वकत कागद मांडीवर, दोनी हातांनी धरलेला. मी म्हणलं, "तोंडानं बोलायचं काय ठरवलंय का?" म्हणलं, "ह्यात सगळं हाय."

दादासो बागंत हुता. डाळिंबाच्या बुंध्याला माती लावत हुता. लय वाळला हुता. आमाला बघून उठला, घरात जाऊन तांब्या आणला. दारात आलेल्याला पाणी द्यायची रीत त्येनं सोडली न्हाई. दीपमालानं सतरंजी टाकली. ह्येनी पाणी प्यायलं, आन कागद म्होरं केला. "दादासो, तुजं नाव निघालं. मॅडमनी लिवून दिलंय. सही-शिक्क्याचा हाय."

दादासोनं कागद घेतला न्हाई. दीपमालानं घेतला आन मोठ्यानं वाचला, पयल्यापासनं शेवटपतुर. नमुना क्रमांक, खोली, अंतर. दादासो माती लागलेलं हात चोळत ऐकत हुता. वाचून संपलं तवा म्हणला, "आण्णा, आज तुमाला पटलं?"

"पटलं. चुकलं माजं. चल घरी. पाळी तुजी तशीच हाय."

"कशाची पाळी? इहीर तर बंद म्हणतोय की तुमचा कागद."

मग दादासो अगदी हळू आवाजात म्हणला, "त्या पोरीला तुमी कवा बघितलं न्हवतं. तिच्या कागदावर चार दिसांत तुमचा ईश्वास बसला. मी तुमचा पाठचा भाऊ. माज्या लेकीच्या जिवावर भंडारा उचलला, त्यो तुमाला हळद वाटला."

माजा नवरा उठला आन धाकट्या भावाच्या पायाकडं वाकाय लागला. दादासो मागं सरला. "नगा आण्णा, माज्यावर पाप चढवू नगा. तुमी थोरलं." त्येच्या आवाजात राग न्हवता. राग आसता तर बरं झालं आसतं, रागाला उत्तर देता येतं. मग त्येनं माज्याकडं बघितलं, देवळात बघितलं हुतं तसंच.

"वैनी, तुमाला तरी वाटलं हुतं का मी टाकलं म्हणून?"

"न्हाई रं बाळा," मी म्हणलं.

"मग बोलला का न्हाईसा?"

मला रडू फुटलं. त्येनं मला रडू दिलं, उगी म्हणला न्हाई. दीपानं जेवाय वाढलं. दादासोनं स्टँडपतुर येऊन आमाला येष्टीत बसवलं. पिशवीभर डाळिंबं दिली. माज्या पाया पडला. ह्येंच्याकडं बघून म्हणला, "सांबाळून जावा." सनावाराला या म्हणला न्हाई, आन मी येतो असंबी म्हणला न्हाई. त्येला आता दीड वरीस झालं. आलेला न्हाई.

परतीच्या वाटंत ह्ये खिडकीला डोकं लावून बसलं हुतं. खानापूर गेलं, ईटा गेलं. कऱ्हाड जवळ आलं तवा म्हणलं, "तू तवा देवळात बोलायचं हुतंस."

माज्या अंगाचा तिळपापड झाला. आता ह्येचं बी खापर माज्यावर! येष्टीतली माणसं बघाय लागली, पण मी काय भ्याले न्हाई. म्हणलं, "आन बोलले आसते, तर तुमी ऐकलं आसतं?"

लय येळ त्येनी ईचार केला. खरंच केला, मला दिसत हुतं. बाहेर उसाच्या गाड्या एकामागनं एक चालल्या हुत्या.

"न्हाई," म्हणलं.